‘बलूनिंग नाही’ म्हणजे सुटलो का? मुलांच्या फॅटी लिव्हरचा रिपोर्ट वाचताना

प्रश्न तासगाव भागातल्या एका द्राक्षबागायतदार वडिलांचा आहे. मुलगा १२ वर्षांचा, सातवीत. वजन जास्त आहे म्हणून रक्त तपासलं तर एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ११८ आली, तीन महिन्यांनी पुन्हा १०४. सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’. पुण्यात बायोप्सी (सुईने लिव्हरचा तुकडा काढून तपासणी) झाली. रिपोर्टमधल्या ओळी त्यांनी जशाच्या तशा उतरवून पाठवल्या आहेत: मॅक्रोव्हेसिक्युलर स्टिॲटोसिस ४५ टक्के, लोब्युलर इन्फ्लमेशन सौम्य, पोर्टल इन्फ्लमेशन मध्यम, बलूनिंग नाही, एनएएस स्कोअर ३, फायब्रोसिस स्टेज १सी. त्यांचे प्रश्न चार. बलूनिंग नाही आणि स्कोअर तीनच आहे, म्हणजे काळजी नाही ना? फायब्रोसिस म्हणजे सिरोसिसच का? पेशी पुन्हा पहिल्यासारख्या होतात का? आणि मुलगा बाहेरचं काहीच खात नाही, घरचा गूळ आणि सुटीत बेदाण्याच्या शेडवर बसला की खिसाभर बेदाणे एवढंच, मग हे आलं कुठून? जाता जाता त्यांनी लिहिलंय की घरी आजी म्हणते, ‘बाळसं आहे, उंची धरली की उतरेल.’

उत्तर लांबणार आहे. कारण पहिल्याच प्रश्नात एक गफलत दडलेली आहे आणि ती तुमची एकट्याची नाही. आम्हा पॅथॉलॉजिस्ट मंडळींचीही ती बरीच वर्षं होती. मी मिरजेत सव्वीस वर्षं हे काम करते. पेशंट मला सहसा दिसत नाही, त्याच्या लिव्हरचा तुकडा दिसतो. म्हणून तुकड्यापासूनच सुरुवात करते.

सुईतून येतो तो तुकडा शेवईएवढा जाड आणि दीड-दोन सेंटिमीटर लांब असतो. अख्ख्या लिव्हरचा हा साधारण पन्नास हजारावा भाग. निरोगी लिव्हरचा तुकडा विटकरी रंगाचा असतो आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीत तळाशी बसतो. चरबीने खच्चून भरलेला पिवळट दिसतो आणि कधी कधी चक्क वर तरंगतो. बाटली उजेडात धरली की आमचा टेक्निशियन म्हणतो, ‘मॅडम, हा तेलकट आहे.’ बहुतेक वेळा त्याचं बरोबर येतं.

मग तो तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, मेणात बसवला जातो आणि त्याचे चार मायक्रॉन जाडीचे काप काढले जातात. या प्रवासात चरबी विरघळून जाते. म्हणजे स्लाइडवर आम्हाला चरबी दिसतच नाही, चरबी जिथे होती ती रिकामी जागा दिसते. गुलाबी पेशींमध्ये स्वच्छ, गोल, पांढरी भोकं. अनारसा तुपात सोडल्यावर त्याला जशी जाळी पडते, तशी. लिव्हरची साधी पेशी बहुकोनी असते, वीस ते तीस मायक्रॉनची, मधोमध गोल केंद्रक. ‘मॅक्रोव्हेसिक्युलर स्टिॲटोसिस’ म्हणजे पेशीत चरबीचा एकच मोठा थेंब, इतका की केंद्रक कडेला दाबलं गेलंय. ‘४५ टक्के’ म्हणजे शंभर पेशींपैकी अंदाजे पंचेचाळीस पेशींत असा थेंब आहे. पाच टक्क्यांपर्यंत आम्ही फॅटी लिव्हर म्हणत नाही. सोनोग्राफीला मात्र साधारण वीस-तीस टक्क्यांच्या खालची चरबी नीट पकडता येत नाही. त्यामुळे सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून लिव्हर कोरं आहे असं समजायचं नसतं. हे इतर वाचकांसाठी, तुमच्याकडे तो प्रश्न उरलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. स्लाइडवर नुसतं काय आहे एवढंच बघायचं नसतं, ते कुठे आहे हेही बघायचं असतं.

तुम्ही पाण्यावर शेती करणारे, तुम्हाला हे पटकन कळेल. लिव्हरमध्ये रक्त पोर्टल भागातून शिरतं, पेशींच्या रांगांमधून झिरपत जातं आणि मधल्या शिरेत जमा होऊन बाहेर पडतं. पाटाचं पाणी वाफ्यावाफ्याने जातं तसंच. पाटाच्या तोंडाशी असलेल्या पेशींना ताजं, प्राणवायूने भरलेलं रक्त मिळतं, त्यांना आम्ही झोन १ म्हणतो. शेवटच्या, मधल्या शिरेजवळच्या पेशी म्हणजे झोन ३. त्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. टेंभू-ताकारी पाणी योजनांच्या लाभक्षेत्रातल्या माणसाला टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटाचा शेतकरी म्हणजे काय हे मी सांगायला नको.

मोठ्या माणसांच्या फॅटी लिव्हरमध्ये मार पहिला टेलला बसतो. चरबी तिथे, पेशींची सूज तिथे, आणि पुढे कोलॅजेनचे बारीक धागे एकेका पेशीभोवती कोंबडीच्या जाळीसारखे गुंफले जातात तेही तिथेच. लहान मुलांत, विशेषतः वयात येण्याआधी, चित्र उलटं असतं. चरबी पाटाच्या तोंडाशी जास्त किंवा सगळीकडे सारखी पसरलेली. सूज आणि धागे (यालाच फायब्रोसिस म्हणतात) पोर्टल भागात. मूल वयात येऊन पुढे सरकलं की चित्र हळूहळू मोठ्यांसारखं होत जातं. तुमचा मुलगा बारा वर्षांचा आहे, अगदी उंबरठ्यावर, आणि त्याचा रिपोर्ट मुलांच्या चित्राचा आहे.

बलूनिंग हा शब्द मोठ्यांच्या चित्रातून आलेला आहे. लिव्हरच्या पेशीला आतून केराटिन ८ आणि केराटिन १८ या प्रथिनांचा सांगाडा असतो. पेशीला विषारी मार बसला की तो सांगाडा कोसळतो, पेशी पाणी धरते आणि दीडपट-दुपटीने फुगते. गुलाबी रंग जाऊन ती विरविरीत, धुरकट दिसते. कोसळलेल्या सांगाड्याचा चोथा कधी कधी आत गुठळीसारखा उरतो, त्याला मॅलरी-डेंक बॉडी म्हणतात. मोठ्या माणसात अशी फुगलेली पेशी दिसली की रोग ‘नुसती चरबी’ या पायरीवरून ‘चरबी अधिक इजा’ या पायरीवर गेला असं आम्ही धरतो. मुलांमध्ये ही फुगलेली पेशी कमी दिसते आणि मॅलरी-डेंक बॉडी तर फारच क्वचित. पण म्हणून इजा नाही असं होत नाही. इजा दुसऱ्या दाराने आलेली असते.

हे नीट उजेडात आलं ते २००५ साली. जेफ्री श्विमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन दिएगोत १०० मुलांच्या बायोप्सी तपासून दोन प्रकार वेगळे केले. मोठ्यांसारखा, बलूनिंगवाला पहिला प्रकार १७ टक्के मुलांत निघाला. पोर्टल सूज आणि पोर्टल फायब्रोसिसवाला, बलूनिंग नसलेला दुसरा प्रकार ५१ टक्के मुलांत. दुसरा प्रकार मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त होता आणि आशियाई वंशाच्या मुलांतही जास्त. आणि ज्या मुलांत फायब्रोसिस बराच पुढे गेलेला होता, त्यांच्यात बहुधा हाच दुसरा प्रकार होता. ही शेवटची ओळ मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला लावते.

आता तो ‘एनएएस ३’. हा स्कोअरही २००५चाच. चरबीला ० ते ३, लोब्युलर म्हणजे पोर्टल भागाबाहेर, पेशींच्या रांगांमधल्या सुजेला ० ते ३, बलूनिंगला ० ते २ असे गुण देऊन बेरीज करायची. तुमच्या मुलाची चरबी ३३ ते ६६ टक्क्यांच्या गटात, म्हणून २. लोब्युलर सूज सौम्य, म्हणून १. बलूनिंग शून्य. झाले तीन. यात पोर्टल सूज कुठे आहे? कुठेच नाही. ती या बेरजेत धरलीच जात नाही. म्हणजे मुलांच्या आजारात जी गोष्ट सगळ्यात मोठी, तिला शून्य गुण. मुलगा गणितात हुशार आणि पेपर भूगोलाचा, अशातली गत. शिवाय हा स्कोअर औषधांच्या चाचण्यांत आधीची आणि नंतरची बायोप्सी ताडून पाहण्यासाठी बनवला होता, निदानासाठी नव्हे. पुढे २०१२ मध्ये पोर्टल सुजेलाही गुण देणारी, खास मुलांसाठीची पद्धत मांडली गेली, पण रोजच्या रिपोर्टांत ती अजून फारशी दिसत नाही. पोर्टल सूज ‘मध्यम’ असं पुण्याच्या पॅथॉलॉजिस्टनी वेगळं लिहिलं हे त्यांनी चांगलं केलं. स्कोअर देऊन थांबले असते तर तुमचा प्रश्नही आला नसता.

ही गफलत माझ्याही हातून झाली आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी एका दहा वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टवर मी ‘सिंपल स्टिॲटोसिस, बलूनिंग आढळले नाही’ असं लिहून सही केली. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, वजनाकडे कुणी पाहिलं नाही, तपासण्या बंद झाल्या. सहा वर्षांनी तोच मुलगा परत आला तेव्हा दोन पोर्टल भागांना जोडणारे कोलॅजेनचे पूल तयार झाले होते. मी जुनी स्लाइड काढून बघितली. ट्रायक्रोम रंगात कोलॅजेन निळं दिसतं. पोर्टल भागाच्या कडेने निळे बारीक पाय तेव्हाही बाहेर आलेले होते. मी पाहिले होते की नाही, आठवत नाही. पाहिले असतील तर ‘पोर्टल भागात थोडं कोलॅजेन असतंच’ म्हणून सोडले असतील. मी फुगलेली पेशी शोधत होते आणि ती नव्हती.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, ‘बलूनिंग नाही’ ही सुटका नव्हे. या रिपोर्टमधला बघायचा शब्द ‘१सी’ आहे.

१सी म्हणजे फायब्रोसिस फक्त पोर्टल भागात आणि त्याच्या लगतच आहे. पायऱ्या अशा: पहिल्या स्टेजमध्ये धागे एकाच जागी, दुसऱ्यात टेललाही आणि पोर्टललाही, तिसऱ्यात या जागांना जोडणारे पूल, आणि चौथी स्टेज म्हणजे सिरोसिस, जिथे लिव्हरची मूळ रचनाच मोडून गाठी गाठी होतात. तुमचा मुलगा पहिल्या पायरीवर आहे. सिरोसिस नाही, त्याच्या जवळपासही नाही. पण पायरी चढलेला आहे, आणि बाराव्या वर्षी चढलेला आहे. पुढे आयुष्य मोठं आहे, म्हणून आम्हाला मुलांची पहिली स्टेज पन्नाशीच्या माणसाच्या पहिल्या स्टेजपेक्षा जास्त खुपते.

धागे कोण विणतं? लिव्हरच्या पेशींच्या रांगांआड ताऱ्यासारख्या आकाराच्या काही पेशी एरवी निवांत ‘अ’ जीवनसत्त्व साठवत बसलेल्या असतात. शेजारच्या पेशी मरायला लागल्या, सूज आली, की त्या जीवनसत्त्वाचा साठा टाकून देतात आणि कोलॅजेन सोडायला लागतात. जखमेवर खपली धरावी तसा हा डागडुजीचा उद्योग आहे. जखम रोज नवी होत राहिली तर डागडुजीच जास्त होते.

आणि पेशी मरते कशाने? इथे एक गंमत आहे. पेशीतला तो मोठा पांढरा थेंब खरा गुन्हेगार नाही. ती चरबी बांधून, आवरून ठेवलेली असते, कणगीत भरलेल्या धान्यासारखी. त्रास देतात ती मोकळी फॅटी ॲसिडं. पेशी त्यांना जाळायचा प्रयत्न करते, मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीतल्या भट्ट्यांवर, ताण येतो, प्रथिनं घडवणारी यंत्रणा कोलमडते आणि पेशी आकसून मरते. कणगी भरून सांडायला लागली याचं ते लक्षण. त्यामुळे दोन मुलांत चरबी सारखीच ४५ टक्के असली तरी एकाला इजा असते, दुसऱ्याला नसते. टक्केवारीवरून घाबरू नका आणि टक्केवारीवरून निर्धास्तही होऊ नका.

ही फॅटी ॲसिडं येतात कुठून, हा तुमचा चौथा प्रश्न. बहुतेक घरांत मुलाला फॅटी लिव्हर निघालं की पहिल्यांदा तूप बंद होतं. मोठ्या माणसांच्या लिव्हरमधल्या चरबीचा माग काढणारा एक अभ्यास २००५ साली झाला. लिव्हरमधल्या चरबीपैकी ५९ टक्के अंगावरच्या चरबीतून सुटून आलेली होती, २६ टक्के लिव्हरने स्वतः घडवलेली, आणि खाण्यातल्या तुपातेलातून थेट आलेली फक्त १५ टक्के. अंगावरची चरबी सुटते कारण इन्सुलिनचा लगाम ढिला पडलेला असतो. आणि लिव्हर स्वतः चरबी घडवतं ते मुख्यतः साखरेपासून. त्यातही फ्रुक्टोजपासून. ग्लुकोज जाळण्याच्या वाटेवर पेशीने एक फाटक ठेवलेलं आहे, पुरेसं झालं की ते मिटतं. फ्रुक्टोज त्या फाटकाला वळसा घालून येतो, थेट आत.

आता गूळ. गुळात मुख्यतः साखरच असते, तीच उसाची साखर, थोड्या खनिजांसह. त्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज. आपल्या सांगली-साताऱ्यात हे सांगणं म्हणजे अवघडच, अर्धा जिल्हा उसावर उभा आहे आणि गूळ औषधी असतो हे आपण आजीच्या मांडीवर शिकलेलो. मोठा ग्लासभर उसाचा रस म्हणजे निदान ३० ग्रॅम साखर, लिंबू-आलं घातलं तरी तेवढीच. बेदाण्याचं म्हणाल तर शंभर ग्रॅम बेदाण्यात साधारण साठ ग्रॅम साखर असते, निम्मी फ्रुक्टोज. शिऱ्यावर घातलेल्या आठ-दहा बेदाण्यांनी काही बिघडत नाही. खिसाभर, रोज, शेडवर गप्पा मारत, हे मात्र थंड पेयाची बाटली पिण्यासारखंच आहे. ‘बाहेरचं खात नाही’ हे तुमचं म्हणणं मला खरं वाटतं. लिव्हरला बाहेरचं आणि घरचं कळत नाही, एवढंच.

साखर काढली तर खरंच फरक पडतो का? २०१९ साली फॅटी लिव्हर असलेल्या ४० मुलग्यांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. निम्म्यांच्या अख्ख्या घराचाच आहार बदलला आणि वरून घातलेली किंवा रसातून येणारी साखर रोजच्या उष्मांकाच्या ३ टक्क्यांखाली आणली. त्यांच्या लिव्हरमधली चरबी २५ टक्क्यांवरून १७वर आली. नेहमीसारखं खाणाऱ्या मुलांत २१वरून २०. आठ आठवडे म्हणजे जेमतेम दोन महिने, एवढाच काळ.

वजनाचं एक. तुम्ही लिहिता की तो ‘तसा फार जाड नाही’. आपल्या लोकांचं हे जुनं दुखणं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२. आपल्याकडचं मूल दिसायला साधारण असलं तरी पोटात चरबी बाळगून असू शकतं. मुलाची मान बघा. मागच्या बाजूला, काखेत कातडी काळसर, मखमलीसारखी जाड झालेली असेल तर तो मळ नाही. इन्सुलिन रक्तात जास्त झाल्याची ती खूण आहे. कितीतरी आया घासणीने मान घासून सोलून काढतात, ती जात नाही, कारण घाण नसतेच. कंबर आणि वजन उतरायला लागलं की ती आपोआप फिकी होते.

बाळशाबद्दल आजींना दुखवू नका, पण बाळसं दोन वर्षांच्या आतलं. बारा वर्षांच्या मुलाची एसजीपीटी बाळशाने ११८ होत नाही. लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल ४० पर्यंत’ छापलेलं असतं, ते मोठ्यांचं. मुलांसाठी अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०१७च्या मार्गदर्शनात मुलग्यांना २६ आणि मुलींना २२ ही वरची मर्यादा धरली आहे, आणि ८०च्या वर गेली तर वाट न पाहता तपास करा असं सांगितलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी बायोप्सीपर्यंत नेलं ते योग्यच केलं.

बायोप्सी करण्यामागे आणखी एक कारण असतं आणि इथे मी थोडी थांबणार आहे. मुलाच्या लिव्हरमध्ये चरबी दिसली म्हणजे ती खाण्याचीच असते असं नाही. काही वर्षांपूर्वी जतकडची नऊ वर्षांची एक मुलगी. किडकिडीत, कुठेही चरबी नाही, सोनोग्राफीवर मात्र फॅटी लिव्हर. स्लाइडवर चरबी, पोर्टल सूज आणि काही पेशींची केंद्रकं काचेसारखी पोकळ दिसत होती. हे सगळं साध्या फॅटी लिव्हरमध्येही दिसतं, आणि पोकळ केंद्रकं तर धडधाकट मुलांतही सापडतात. तांब्याचा रंगही स्लाइडवर उठला नाही, कारण सुरुवातीला तांबं पेशीत विखुरलेलं असतं आणि रंग धरत नाही. शेवटी चोवीस तासांच्या लघवीत तांबं वाढलेलं निघालं. विल्सन्स डिसीज, म्हणजे अंगात तांबं साठत जाण्याचा आजार. वेळेत कळला तर गोळ्यांवर आयुष्य काढता येतं, नाही कळला तर लिव्हर आणि मेंदू दोन्ही जातात. आईवडील मामे-आतेभावंडं होती, आपल्याकडे अशी लग्नं पुष्कळ होतात. हा आजार दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं की होतो, म्हणून पाठच्या भावंडालाही चारात एक शक्यता असते. तुमच्या मुलाचं सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन), लघवीतलं तांबं, डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी झाली आहे का, विचारा. पोर्टल सूज मध्यम आहे म्हणून ऑटोइम्यून हेपॅटायटिसच्या (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते त्या आजाराच्या) तपासण्याही झालेल्या असायला हव्यात. बहुधा झाल्या असतीलच. सिलियाक, थायरॉइड, हेपॅटायटिस बी आणि सी, ही यादी बालरोगतज्ज्ञांना तोंडपाठ असते.

पेशी पुन्हा पहिल्यासारख्या होतात का? होतात. लिव्हरइतकं माफ करणारं दुसरं इंद्रिय नाही. चरबी तर आठवड्यांत ओसरायला लागते, वर सांगितलंच. सूज त्यानंतर महिन्यांनी. धागे सगळ्यात उशिरा, पण पहिल्या स्टेजचे धागे विरघळतात, हे दोन बायोप्सी शेजारी ठेवून मी स्वतः पाहिलं आहे. अमेरिकेतल्या औषधचाचण्यांत ज्या मुलांना खरं औषध न देता नुसता आहार-व्यायामाचा सल्ला दिला होता, त्यांच्या दुसऱ्या बायोप्सीत साधारण एक तृतीयांश मुलांचा फायब्रोसिस कमी झालेला होता आणि जवळपास एक चतुर्थांश मुलांचा वाढलेला. म्हणजे दोन्ही बाजूंना दार उघडं आहे, आणि ते कुठल्या बाजूला ढकललं जातं हे दीड-दोन वर्षांतच दिसतं.

औषधाबद्दल मला विचारू नका असं मी म्हणणार होते, पण लोक विचारतातच. ई जीवनसत्त्व आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) यांची ८ ते १७ वयाच्या १७३ मुलांवर ९६ आठवडे चाचणी झाली, २०११ साली निकाल आला. एसजीपीटी टिकाऊपणे उतरवण्यात दोन्ही औषधं नुसत्या दिखाऊ, औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. ई जीवनसत्त्वाने पेशींचं बलूनिंग मात्र कमी झालं. तुमच्या मुलाला बलूनिंगच नाही, त्यामुळे त्याचा उपयोग किती, हे पोटविकारतज्ज्ञांनी ठरवायचं. दुकानातून आणून देऊ नका. आणि सांगलीतल्या वाचकांसाठी मुद्दाम: भाजीतली हळद चालू द्या, पण मिरीचा अर्क घातलेल्या तीव्र हळदीच्या कॅप्सूल ‘लिव्हरसाठी’ म्हणून मुलाला देऊ नका. अशा कॅप्सूलनी लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण अमेरिकेत नोंदले गेले आहेत. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हरला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. मी स्लाइड बघणारी बाई, ज्या लिव्हरला आधीच सूज आहे त्याला कसलाही काढा देऊ नये एवढंच म्हणेन.

घरी काय करायचं ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. गूळ, रस, थंड पेयं, बिस्किटं घरातूनच जाऊ देत, फक्त त्याच्या ताटातून नको. द्राक्षं घडातून मोजकी खाऊ देत, पिळून नको. रोज तासभर घाम येईल असं खेळणं. वजन उतरवायची घाई करू नका. उंची वाढत असताना वजन आहे तिथे धरून ठेवलं तरी बारा वर्षांच्या मुलाचं वर्षभरात बरंच काम होतं. दर तीन महिन्यांनी एसजीपीटी, आणि फायब्रोस्कॅन (लिव्हरचा ताठरपणा बाहेरून मोजणारी तपासणी) कधी करायचा ते डॉक्टर सांगतील. एसजीपीटी नॉर्मल झाली की तपासणं बंद, ही चूक करू नका. एसजीपीटी उतरते आणि धागे तसेच राहतात, असंही होतं. धाकटी बहीण सात वर्षांची आहे म्हणता, तिची मान बघून ठेवा, आणि पुढच्या वेळी तिचंही रक्त त्याच नळीसोबत पाठवा.

शेवटचं, हे कुणी सांगत नाही म्हणून. पुण्याहून नुसता रिपोर्ट आणू नका, स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. लेखी अर्ज केला की देतात. ब्लॉक डबीत घालून कपाटात, उन्हापासून लांब ठेवा, बेदाण्याच्या शेडवर तर मुळीच नको, मेण मऊ पडतं. दोन वर्षांनी पुन्हा बायोप्सीची वेळ आलीच, तर जी कुणी मॅडम किंवा सर ती वाचतील त्यांच्या टेबलावर जुनी ट्रायक्रोमची स्लाइड आधी ठेवा आणि पोर्टल भाग शेजारी शेजारी लावून बघायला सांगा.